समासातला 'बे'

सोनेरी रंग दिलेल्या प्लॅस्टिकच्या ढालीवर घोड्याचं डोकं होतं. त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'उत्कृष्ट आक्रमक डावासाठी बे पुरस्कार'. बुद्धिबळाचे क्लास घेणारा तो माणूस ढाल माझ्या टेबलावर ठेवून हात पुसत उभा राहिला. येताना त्याने सामोसा खाल्ला असावा, कारण ढालीच्या कडेवर त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला होता. मला शिसारी आली. ती त्या ठशाची आहे असं मी स्वतःला सांगितलं.

"सर, एक कन्फर्म करायचं होतं," तो म्हणाला. "हे 'बे' म्हणजे बेस्टच ना? वहिनी म्हणाल्या, तुम्ही द्यायचात ते त्यांना. स्पर्धेच्या पत्रिकेत छापायच्या आधी म्हटलं विचारून घ्यावं."

"ढाल राहू द्या इथे. सांगतो दोन दिवसांत."

"यात सांगायचं काय आहे, सर?"

सांगायचं होतं, आणि ते नऊ वर्षं राहून गेलं होतं. 'बे' म्हणजे बेस्ट नव्हे. तो माझा शब्द आहे, माझ्या हस्ताक्षरातला, आणि तो मी माझ्या मित्राची थट्टा म्हणून केला होता. मित्र चार महिन्यांपूर्वी काविळीने आठ दिवसांत गेला. त्याच्या बायकोला वाटतं की ते अक्षर ही त्याला मिळालेली शाबासकी होती. तिनेच इथल्या बुद्धिबळ मंडळाला सांगून स्मृतिस्पर्धेच्या ढालीवर ते घालायला लावलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर माझी थट्टा दरवर्षी कोणाच्या तरी हातात टाळ्यांसह गेली असती.

मी नात्यातला नाही, त्यामुळे मला सुतक नव्हतं. बाराव्याला मी इतरांसारखा पंगतीत बसलो. मला बोलायची सवय नाही, म्हणून लिहितो आहे, आणि तेही सावकाश, कारण या लिखाणातला प्रत्येक दुसरा शब्द मला खोडावासा वाटतो.

मी मूळचा कोकणातला. मराठी आणि इतिहास शिकवायला सिल्वासाला आलो आणि इथेच राहिलो. मित्र नंदुरबारकडचा. मसाटच्या एका सूत कारखान्यात मशीनवर होता. त्याची मुलगी पाचवीत माझ्या वर्गात होती. प्रगतिपुस्तकावर सही करायला तो आला तेव्हा शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटावरचा पट त्याला दिसला, आणि मुलीचे गुण बघायचे राहूनच गेले.

"सर, बुद्धीबळ कोन खेळतं इथं?"

"मी. पण समोर बसायला कोणी नसतं."

"मी बसतो ना समोर," तो म्हणाला आणि बसलाच.

मशीनच्या आवाजात उभा राहून त्याला ओरडून बोलायची सवय लागली होती. शांत खोलीतही तो समोरच्या माणसाशी रस्त्यापलीकडून बोलावं तसा बोलायचा. रविवारी पहिली पाळी संपवून तो पावणेचारला माझ्या घरी यायचा. कपड्यांना यंत्राच्या तेलाचा वास असायचा, भुवयांवर सुताची बारीक लव. चहा पिऊन आम्ही बसायचो ते दिवेलागणीला उठायचो.

माझं बुद्धिबळ पुस्तकातलं. प्याद्यांना एकमेकांचा आधार द्यायचा, राजा लवकर आडोशाला न्यायचा, समोरचा चुकेपर्यंत वाट पाहायची. तो गावात, शाळेच्या ओट्यावर, म्हाताऱ्यांकडून खेळायला शिकलेला. पहिल्याच डावात त्याने दहाव्या चालीला एक उंट माझ्या प्याद्यावर फेकला. मी तो खाल्ला. मग घोडा फेकला. मी तोही खाल्ला. तो मोठ्याने हसत होता. थोड्या चालींनी माझा हत्ती त्याच्या राजाच्या बाजूला उतरला आणि, अजून शह नसला तरी, पुढच्या चालीला मात दिसू लागली. तेव्हा त्याने राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून बाजूला ठेवला.

"हे काय केलंत, भाऊ?"

"राजानं उडी मारली. एकदा भेटते ना त्याले. शह बसेल नसला म्हनजे."

जुन्या देशी खेळात हा नियम होता, हे मी वाचलेलं होतं. राजाला एकदाही शह बसला नसेल तर डावात एक वेळ त्याला घोड्याची उडी मारता यायची. आजच्या खेळात ती नाही. आज राजाला वाचवायचं तर किल्लेकोट करतात, म्हणजे राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून शेजारी येऊन बसतो. किल्लेकोट त्याला ठाऊकच नव्हता.

एक वाक्य पुरे होतं. भाऊ, ही चाल आता कुठे खेळत नाहीत. मी ते बोललो नाही, कारण मला मजा वाटली. पुस्तकात वाचलेली मेलेली चाल एका जित्या माणसाच्या हातून माझ्या टेबलावर घडत होती. सांगितलं असतं तर ती थांबली असती. एखाद्याने दुर्मीळ किडा टाचणीला लावून डबीत ठेवावा तसा तो डाव मी रात्री वहीत उतरवला आणि त्या चालीसमोर समासात लिहिलं, 'बे.' म्हणजे बेडूकउडी.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत मी ते सांगितलं. मी एरवी फारसा बोलत नाही, त्यामुळे लोक जास्तच हसले. मला ते हसणं आवडलं. मग दर सोमवारी कोणीतरी विचारायचंच, "काय सर, काल बेडूक उडाला का?" आणि मी मान हलवून हो म्हणायचो. आज ती मान आठवली की माझ्या तोंडाला कडू चव येते.

दोन-तीन महिन्यांनी चहा पिताना त्याने वही ओढून घेतली. पटावरच्या घरांची नोंद त्याला वाचता येत नसे, पण समासातलं अक्षर त्याला दिसलं.

"सर, हे बे काय? दोन का? गुजराथी?"

इथे सगळे व्यवहारात एक, बे, त्रण मोजतात, त्यामुळे त्याचा प्रश्न अगदी सरळ होता.

"नाही," मी म्हणालो. "बेस्ट."

"माझी चाल बेस्ट?"

"हो."

त्याने वही दोन्ही हातांनी धरली आणि माझ्या घरात दुसरं कोणी नसतानाही भोवती पाहिलं. पुढे तो पट आवरताना विचारायचा, "आज भेटला का बे?" मिळाला असला की निघताना गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला फोन करून सांगायचा. तो इतका खूश झाला की मला दुरुस्त करवेना, अशी समजूत मी नंतर घालून घेतली. त्या वेळी दुरुस्त करायचं मनातसुद्धा आलं नव्हतं.

त्याच्या चुका मी लाल शाईने लिहायचो. घाई. पुढचे पाहिले नाही. बिनजोर उंट. मोहऱ्याला पाठीमागून दुसऱ्या मोहऱ्याचा आधार असला की त्याला जोर आहे म्हणतात, नसला की ते बिनजोर. त्याची मोहरी कायम बिनजोर असायची. मी एकदा म्हटलं, "भाऊ, हा घोडा बघा, याला जोर कुठाय?"

"जोर नाही, पन धाक तं शे ना, सर," तो म्हणाला. "आन माझ्या राजाची उडी बाकी शे. मंग भ्यायचं कशाले?"

त्या वाक्यात त्याचा सगळा खेळ होता. राजाजवळ एक उडी शिल्लक आहे या भरवशावर तो बाकीचं सैन्य पुढे फेकून द्यायचा. त्याच्या नियमांनी पाहिलं तर ती बलिदानं बरोबर होती. हे मला पहिल्या सहा महिन्यांत कळलं. मला आणखीही एक गोष्ट कळली. शह बसला की उडी जाते. मग मला जिंकावंसं वाटेल त्या रविवारी मी सुरुवातीलाच एक निरर्थक शह देऊन ठेवायचो. त्या शहाने पटावर काही साधायचं नाही, फक्त त्याची उडी जायची आणि पुढचा डाव आपोआप माझा व्हायचा. वहीत त्या शहापुढे मी काही लिहिलेलं नाही. न लिहिण्यात मी नेहमीच हुशार होतो.

एका रविवारी मात्र मी तो शह द्यायला विसरलो. तो वह्यांमधला सगळ्यात सुंदर डाव आहे, आणि तो मी हरलो आहे. त्याने माझ्या राजाशेजारच्या प्याद्यावर उंट दिला. मी राजाने तो खाल्ला. त्याने घोड्याने शह दिला, माझा राजा पटाच्या मध्याकडे निघाला. मग त्याने हत्ती दिला. मी खात गेलो, माझी बाजू मारलेल्या मोहऱ्यांनी भरली. शेवटी माझा वजीर त्याच्या राजाच्या गोटात शिरला, शह नव्हता, पण एका चालीत मात होती. पुस्तकाप्रमाणे तो संपला होता. त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला, राजा उचलला आणि अडीच घरं उडवला. माझी मात हवेत गेली. मग चाल माझी होती आणि तिच्यात करण्यासारखं काहीच नव्हतं. मी एक प्यादं सरकवलं. त्याने आपलं प्यादं एक घर पुढे ढकललं.

"प्यादेमात!" तो ओरडला. शेजारच्या गुजराती काकी खिडकीतून डोकावल्या. "शुं थयुं?" त्यांनी विचारलं.

"सरले मारलं, काकी! प्याद्यानं!"

देशी खेळात प्याद्याने मात करणं सगळ्यात मानाचं. त्या दिवशी मी समासात 'बे.' लिहिलं तेव्हा माझा हात क्षणभर थांबला होता. लिहिलं मात्र तेच.

दोन वर्षांपूर्वी मंडळाने खुली स्पर्धा भरवली. त्याने मला न विचारता नाव दिलं आणि एका रविवारी येऊन सांगितलं. स्पर्धा पुढच्या रविवारी होती. म्हणजे माझ्याकडे आठ दिवस होते. मी म्हणालो, "डोकं शांत ठेवा, भाऊ." एवढंच म्हणालो.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. बरोबर मुलगी होती, तेव्हा बारावीतली, आणि कारखान्यातले दोघे. पहिला डाव तो जिंकला, उडीची वेळच आली नाही. दुसरा डाव दादऱ्याच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरशी. त्या डावात त्याने उंट दिला, घोडा दिला, आणि बाजूच्या टेबलांवरचे लोक उठून पाहायला आले. राजाशेजारचं प्यादं त्याने आधीच पुढे पिटाळलेलं होतं, म्हणजे उडीची जागा मोकळी. समोरच्याची मात एका चालीवर, आणि ती टळली की याची. वजिराने शह देत राहिला असता तर डाव बरोबरीत सुटला असता, हे मला तिसऱ्या रांगेतून, कूलरशेजारून दिसत होतं. त्याला ते बघायची गरज वाटली नाही. त्याने राजा उचलला आणि उडवला.

"अरे, ये क्या है?" सुपरवायझर म्हणाला.

"राजानं उडी मारली. एकदा चालते."

पंच आला. तरुण होता, नम्र होता. "काका, अशी चाल नसते."

"नसते कशी? रोज खेळतो आम्ही." तो मान वळवून शोधू लागला आणि त्याला मी दिसलो. "सर, सांगा ना यांना."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शहरातला मास्तर, पुस्तकं वाचणारा. मी म्हणालो, "पंच सांगतात तसं करा, भाऊ."

मागून कोणीतरी म्हणालं, "चाचा, अब हाथी भी उड़ेगा क्या?" आणि हॉल हसला. त्याच्या कारखान्यातले दोघेही हसले. हाताने स्पर्श केलेलं मोहरं चालवावंच लागतं, असं पंचाने त्याला समजावलं. म्हणजे राजाच हलवायचा. राजाला दोन घरं होती आणि दोन्हीत मात. त्याने दोन्ही घरांकडे बराच वेळ पाहिलं, मग एकात राजा ठेवला. सुपरवायझरने मात केली. मित्राने उठून हात मिळवला. राहिलेले डाव तो खेळला नाही.

परतताना आम्ही तिघे चालत होतो, मुलगी जरा मागे. तो पहिल्यांदाच हळू बोलला.

"तुमले माहीत व्हतं का, सर?"

"नाही, भाऊ," मी म्हणालो. "मीही ती उडी तुमच्याकडूनच शिकलो. मला वाटलं, असेल."

तो थोडा वेळ चालला. मग हसला. "मंग आपन दोन्ही अडानी," असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मागे मुलगी हसली नाही.

त्यानंतरही तो रविवारी येत राहिला. मोबाइलवर बघून किल्लेकोट शिकला. आठव्या चालीच्या आत राजा कोपऱ्यात नेऊन बसवायचा आणि हात मांडीवर ठेवून माझी चाल बघायचा. उंट द्यायचा नाही, घोडा द्यायचा नाही. प्रत्येक मोहऱ्याला जोर आहे का ते बोट ठेवून मोजायचा. मी त्याला ओळीने हरवत गेलो, आणि त्या डावांची नोंद करतानाही मी ती नीटनेटक्या अक्षरात केली. एकदा त्याने विचारलं, "आज बे नाही?"

"नाही."

"हां. तेच ते," तो म्हणाला आणि मोहरी डब्यात भरू लागला.

ढाल ठेवून गेल्यावर दोन दिवसांनी क्लासवाला पुन्हा आला. पत्रिकेत डाव छापायचा होता. "बे असलेला द्या सर, सगळ्यात भारी." मी तो प्यादेमातीचा डाव काढून दिला. त्याने मोबाइल टेबलावर आडवा ठेवला आणि एकेक चाल ॲपमध्ये भरायला लागला. बलिदानं आली तसे पडद्यावर चुकलेल्या चालींचे लाल ठिपके उमटू लागले. मग राजाची उडी आली. त्याने बोटाने राजा उचलून अडीच घरांवर सोडला. राजा सुळकन मागे घसरला आणि आपल्या घरात जाऊन बसला. त्याने पुन्हा सोडला. राजा पुन्हा मागे. तीन-चार वेळा झालं.

"घेत नाही, सर. इल्लीगल दाखवतंय."

मी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हां हां, ती उडी! मी होतो ना त्या दिवशी हॉलमध्ये." तो हसला आणि लगेच चेहरा गंभीर केला. "सर, असं करू. इथे किल्लेकोट दाखवू. राजा एक घर इकडे येतो, बाकी पोझिशन जवळजवळ तीच. छापायला चांगलं दिसेल."

"मग प्याद्याची मात लागते का?"

त्याने पाहिलं. "नाही लागत. मग काळा जिंकतो." त्याने मोबाइलची काच पोटाजवळच्या शर्टाला पुसली. "शेवटच्या दोन चाली गाळू. लिहू, आणि काळ्याने राजीनामा दिला. कोण पाहतंय?"

काळा मी होतो. न दिलेला राजीनामा माझ्या नावावर लागणार होता, आणि पटावर पाहिलं तर त्या खोट्या डावातही मीच जिंकत होतो. त्याचा मला राग यायला हवा होता. पण तो करत होता ते माझ्याच कामाचं पुढचं पान होतं. मेलेल्या माणसाला चारचौघांत शोभेल असा करायचा, आणि जिवंतपणी त्याची गंमत करायची. मला त्याची किळस आली आणि तिला धरून लगेच माझी. मी त्याला म्हटलं, डाव छापू नका, मी मसाटला जाऊन येतो.

मसाटला चाळीत त्यांच्या दोन खोल्या आहेत. रस्त्यावर कारखान्यांचा वास येतो, डोळे चुरचुरतात. मी सगळ्या वह्या पिशवीत घेतल्या होत्या, ढालही. वहिनींनी चहा ठेवला. मुलगी आता कॉलेजात आहे. तिने पटकन वही हातात घेतली आणि पानं उलटू लागली.

"बघ, बघ," वहिनी म्हणाल्या. "सरांनी किती बे दिले. ते येऊन सांगायचे, आज एक भेटला. मशीनवरच्या सगळ्या लोकांले माहीत व्हतं."

मुलगी वाचत राहिली. तिला नोंद वाचता येते. बऱ्याच वेळाने तिने मान वर न करता विचारलं, "सर, बे फक्त उडीपुढेच का आहे?"

मी कप खाली ठेवला.

"इथे बाबांनी उंट दिलाय. इथे वजीर दिलाय. तिथे नाही. जिथे राजा उडाला तिथेच आहे. प्रत्येक वेळी."

"तो बेस्ट नाही," मी म्हणालो. "बेडूकउडी. मी त्याला तसं म्हणायचो. शाळेत सांगायचो. आम्ही हसायचो." एवढं बोलायला मला फार वेळ लागला. "आणि ती चाल नियमात नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी माहीत नाही म्हणालो."

"बेडूक?" वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बेडूक."

मग त्यांनी माझ्यासमोरचा अर्धा भरलेला कप उचलला. "गार झाला," म्हणाल्या आणि आत नेऊन ओतला. दुसरा आणला नाही.

"मला माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे," मुलगी म्हणाली. "सहावीत तुम्ही तासाला सांगितलं होतं. पूर्वी राजा घोड्यासारखा उडायचा, आता उडत नाही. मी घरी येऊन बाबांना बोलले नाही. मला वाटलं, सर त्यांच्याशी खेळतात, सर सांगतीलच. दर रविवारी वाटायचं, आज सांगितलं असेल." तिने वही मिटली. "हॉलमध्ये त्यांनी तुम्हाला हाक मारली तेव्हासुद्धा वाटलं, आता तरी."

मी क्षमा मागायला तोंड उघडलं. ती वहीकडेच बघत होती.

"तो डाव छापायचा नाही," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना. आणि ढालीवर ते नको."

"चालेल," मी म्हणालो. माझी संमती तिला नको होती, हे बोलल्यावर कळलं.

मग तिने वह्यांची थप्पी सरळ केली, वरची एक काढून माझ्याकडे सरकवली आणि बाकीच्या आपल्या मागे ठेवल्या.

"तुम्ही पेपरात संक्षेप चालू द्यायचा नाहीत, सर. गुण कापायचात. पूर्ण लिहा म्हणायचात."

"हो."

"मग पूर्ण लिहा. जिथे जिथे आहे तिथे. एक झाली की आणून द्या, मी दुसरी देईन."

स्पर्धा झाली. मी मागे उभा होतो. मित्राच्या फोटोला हार होता, आणि ज्यांनी त्या दिवशी हसून घेतलं होतं त्यातल्या एकाने माइकवर त्याला आक्रमक शैलीचा थोर खेळाडू म्हटलं. वहिनी पुढच्या रांगेत बसल्या होत्या, मुलगी आली नव्हती. ढाल तीच होती. "रंगवून झालंय, सर," क्लासवाला माझ्या कानाशी म्हणाला. "खोडलं तर डाग दिसेल. मी पुढे 'स्ट' लावून टाकला." खरंच त्याने लाल कागदाचा 'स्ट' कापून 'बे'पुढे चिकटवला होता. एका बाजूने तो उचकटून आला होता. उत्कृष्ट आक्रमक डावासाठी बेस्ट पुरस्कार. ती कोणाला मिळाली ते पाहायला मी थांबलो नाही.

रविवारी पावणेचारला मी टेबलाशी बसतो. समास अरुंद आहे आणि शब्द लांब. 'बे'नंतरचं टिंब आधी ब्लेडने खरवडावं लागतं, मग 'डूकउडी' बारीक अक्षरात बसवावं लागतं, तरी ते डावाच्या ओळीत घुसतं. त्या प्यादेमातीच्या डावाशी मी काल पोचलो. माझा हात जिथे थांबला होता तिथे 'बे'ची मात्रा जरा लांबलेली आहे. त्या ओळीपुरतं तरी खरोखरच 'बेस्ट' लिहावं असं वाटलं. ते खरंही होतं. पण ती मुलगी नोंद वाचते, आणि मला जे लिहायला सांगितलं आहे ते दुसरं आहे. मी 'बेडूकउडी' लिहिलं. शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.

उद्या ही वही मसाटला द्यायची आहे. तिच्या मागे अजून तीन आहेत.